बोअरचं पाणी, गिझर आणि आतला मॅग्नेशियमचा रॉड

दिवाळीच्या आधी १५ लिटरचा, २ किलोवॅटचा गिझर बसवला. आता संक्रांतीची गड्ड्याची यात्रा होऊन ऊन तापायला लागलंय, म्हणजे सगळा हिवाळा वापरून झाला. सोलापुरात नळाला रोज पाणी नाही. मधले दिवस बोअरवर काढायचे, आणि आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की साबणाला फेस येत नाही. अशा पाण्यावर गिझर घेणाऱ्यांनी बाहेरचा रंग आणि डिजिटल आकडे सोडून आत कुठला धातू आहे ते आधी विचारावं.

तापवण्याबद्दल तक्रार नाही. २५ अंशांचं पाणी ६० पर्यंत जायला वीसेक मिनिटं लागतात, वीज पाऊण युनिटच्या आत.

टाकी स्टीलची, आतून काचेचा थर. काच गंजत नाही, पण थरात बारीक छिद्रं राहतातच आणि तिथून पाणी स्टीलला भिडतं. तिथे कामी येतो मॅग्नेशियमचा रॉड. धातू किती सहज झिजतो ते त्याच्या विद्युत विभवावरून कळतं, आकडा जितका जास्त उणे तितका तो आधी झिजतो. मॅग्नेशियमचं विभव उणे २.३७ व्होल्ट, लोखंडाचं उणे ०.४४. त्यामुळे आधी मॅग्नेशियम झिजतं आणि लोखंड वाचतं. हम्फ्री डेव्हीनं १८२४ मध्ये जहाजांच्या तळाचे तांब्याचे पत्रे याच तत्त्वावर जस्त आणि लोखंड जोडून वाचवले होते. पाण्यात क्षार जास्त असले की वीज सहज वाहते आणि रॉड लवकर संपतो.

परवा मेकॅनिककडून गिझर खोलून घेतला. अंगठ्याएवढा जाड रॉड खड्ड्याखड्ड्यांनी पोखरलेला, टोकाला तर आतली स्टीलची तार उघडी पडलेली. टाकीत बॅटरी मारून बघितलं, गंजाचा डाग नाही. तो म्हणाला, "अण्णा, रॉडनंच सगळं अंगावर घेतलंय बघा." नवा रॉड हातात घेतला तर प्लास्टिकचा वाटावा इतका हलका, मॅग्नेशियमची घनता १.७४, स्टीलची जवळपास ७.८५.

कॉइलवर मात्र पांढरा खडा चढलेला होता. त्यावर रॉडचा इलाज नाही. पाणी तापलं की त्यातलं कॅल्शियम बायकार्बोनेट फुटतं आणि कार्बोनेट होऊन कॉइलवर बसतं. कॉइलच्या नळीत नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) तार असते, तीच तापते, भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी ठासलेली. ही भुकटी वीज अडवते, उष्णता जाऊ देते. फार सुंदर योजना आहे ही! पण बाहेर क्षाराचा थर साचला की उष्णता आत कोंडते आणि तार जळते. पातळ व्हिनेगरमध्ये भिजवल्यावर फसफसून थर सुटला. आता थर्मोस्टॅट ५० ते ५५ वर ठेवलाय, क्षार कमी धरतो.

राग एकाच गोष्टीचा आला. टाकीची वॉरंटी खोक्यावर ठळक छापलेली, आणि रॉड वेळेवर बदलला नाही तर ती लागू नाही हे पुस्तिकेच्या शेवटी बारीक अक्षरात. बसवायला आलेल्या माणसानं रॉडचं नावही काढलं नव्हतं.

गिझर चांगला आहे, बोअरवाल्यांनीही खुशाल घ्यावा. फक्त दर सहा महिन्यांनी खोलून बघा, आणि नवा रॉड आणताना जुना सोबत न्या. आटे जुळले नाहीत तर दुकानात दुसरी फेरी पडते.