जीपे नंबर कुणाचा टाकायचा? मानसिक आरोग्य संस्थेसाठी निधी गोळा करण्याच्या साधनांची पारख

नौपाड्यातली जुनी सोसायटी असो, घोडबंदर रोडवरचं संकुल असो की नेरुळ-सीवूड्समधला टॉवर, नवरात्रात किंवा दिवाळीत स्थानिक मानसिक आरोग्य संस्थेसाठी पैसे गोळा करायचं ठरलं की पहिला प्रश्न हाच येतो: जीपे नंबर कुणाचा टाकायचा? उत्तर आहे, कुणाचाच नाही. खजिनदाराचाही नाही. पैसे थेट संस्थेच्या बँक खात्यात जाणार असतील तरच पुढचं वाचा.

मधल्या माणसाच्या खात्यात जमा झालेल्या रकमेची ८०जीची (म्हणजे देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी) पावती संस्था मूळ देणगीदारांच्या नावाने सरळपणे देऊ शकत नाही. तिच्या दृष्टीने पैसे एका माणसाने दिलेले असतात. शिवाय सोसायटी किंवा मंडळ स्वतःच्या नावाने वर्गणी काढणार असेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० मधलं कलम ४१सी लागतं आणि धर्मादाय कार्यालयाला कळवावं लागतं. गणेशोत्सव मंडळं दरवर्षी हे करतात, त्यामुळे त्यांना ते पाठ असतं. सोसायटीच्या सांस्कृतिक समितीला सहसा माहीत नसतं. संस्थेचा क्यूआर आणि संस्थेचंच पावतीपुस्तक वापरलं की हा गुंता उरत नाही.

आता एकेक साधन.

बँकेचा क्यूआर

स्टॉलवर पैसे घ्यायला सगळ्यात चांगलं साधन हेच, पण ते घेताना दोन प्रकारांतला फरक समजून घ्या. पेमेंट ॲपवाल्या कंपनीचा क्यूआर लावला, तर बहुतेक वेळा दिवसभराची रक्कम एकत्र होऊन दुसऱ्या दिवशी एकाच नोंदीने खात्यात येते. पासबुकात ‘१८,४५०’ एवढंच दिसतं, त्यात कोण कोण आहे ते ॲपच्या वेगळ्या यादीत शोधायचं. संस्थेच्या स्वतःच्या बँकेने दिलेल्या क्यूआरमध्ये बहुधा प्रत्येक देणगीची वेगळी नोंद येते, तिच्यासोबत १२ आकडी व्यवहार क्रमांक असतो. पावती जुळवायला बसणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. बँकेत अर्ज करतानाच विचारा: ‘प्रत्येक एंट्री वेगळी येईल ना?’ दोन ठिकाणी स्टॉल असतील तर दोन क्यूआर मागा, म्हणजे तलावपाळीचे पैसे आणि वाशीचे पैसे आपोआप वेगळे राहतात.

स्कॅन केल्यावर फोनवर जे नाव दिसतं ते संस्थेच्या न्यासाचं (ट्रस्टचं) नोंदणीकृत नाव असायला हवं. फलकावर संस्थेचं रोजच्या वापरातलं नाव आणि फोनवर भलतंच लांबलचक नाव आलं, की माणूस थबकतो आणि फोन खिशात घालतो. दोन्ही नावं वेगळी असतील तर फलकावर क्यूआरखाली एक ओळ छापा: ‘स्कॅन केल्यावर अमुक नाव दिसेल.’

छपाईचा हिशेब सोपा आहे. जितक्या अंतरावरून स्कॅन व्हायला हवं त्याच्या एक दशांश रुंदी. टेबलापलीकडे एक मीटरवर माणूस उभा राहणार असेल तर क्यूआर किमान १० सेंटीमीटरचा हवा. व्हिजिटिंग कार्डाएवढा क्यूआर ठेवला की लोकांना टेबलावर वाकावं लागतं, मागच्यांची रांग तुटते. चकचकीत लॅमिनेशन टाळा. हॅलोजन किंवा दुपारचं ऊन त्यावर पडलं की कॅमेऱ्याला पांढरा डाग दिसतो. मॅट कागद ॲक्रिलिक स्टँडच्या आत सरकवायचा, बाहेरून चिकटवायचा नाही. बाहेरून चिकटवलेल्या क्यूआरवर दुसरा स्टिकर लावणं दहा सेकंदांचं काम आहे आणि गर्दीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. दर तासाला एक रुपया पाठवून नाव तपासा.

यूपीआयने थेट बँक खात्यातून आलेल्या पैशावर संस्थेला शुल्क पडत नाही, ५०० दिले की ५०० पोचतात. कार्डाने पेमेंट गेटवेमार्फत (ऑनलाइन पैसे स्वीकारून देणाऱ्या कंपनीमार्फत) घ्यायचे तर साधारण २ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. म्हणजे १,००० रुपयांतले २३ रुपये ६० पैसे गेले. मोठ्या देणगीला तेही चालतं, पण १०० रुपयांच्या देणग्यांसाठी गेटवे लावू नये.

साउंडबॉक्स

दुकानात साउंडबॉक्स गरजेचा आहे, निधीच्या टेबलावर नाही. पाडव्याची शोभायात्रा किंवा राम मारुती रोडवरची दिवाळी पहाट अशा गर्दीत मोबाइल नेटवर्क कोलमडतं, डब्यातलं सिम त्याच नेटवर्कवर चालतं आणि घोषणा दोन-तीन माणसं उलटून गेल्यावर होते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुणी किती दिले हे मोठ्याने बोलणारं यंत्र इथे नको. कुणाकडे ५१ रुपयेच असतात. तेही सन्मानाने घेतले गेले पाहिजेत. घेतलाच असेल तर आवाज सगळ्यात कमी ठेवा आणि महिन्याचं भाडं संस्थेच्या नव्हे, आयोजकांच्या खिशातून जाऊ द्या.

पावतीपुस्तक

याला पूर्ण गुण. छापील अनुक्रमांक, कार्बनच्या दोन प्रती. रकाने हवेत ते असे: पूर्ण नाव, पत्ता, पॅन, रक्कम अंकी-अक्षरी, देण्याचा प्रकार, व्यवहार क्रमांक. आणि वरच्या बाजूला न्यासाचा नोंदणी क्रमांक व ८०जी मंजुरीचा क्रमांक, मुदतीसह. ती मुदत वाचा. नियमित मंजुरीही कायमची नसते, तिचं नूतनीकरण करावं लागतं, आणि जुनी पावतीपुस्तकं संपवायची म्हणून संपलेल्या क्रमांकावर पावत्या फाडल्या जाऊ शकतात.

पॅनचा रकाना रिकामा राहणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. संस्थेला आर्थिक वर्ष संपल्यावर ३१ मेपर्यंत देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे द्यावं लागतं, संस्थांचे लेखापाल त्याला १०बीडी म्हणतात. त्यातूनच देणगीदाराचं १०बीई प्रमाणपत्र तयार होतं. विवरणात नाव नसेल तर हातात कितीही सुंदर पावती असली तरी वजावट मिळत नाही. उशीर झाला तर संस्थेला दिवसाला २०० रुपये शुल्क पडतं. स्टॉल ऑक्टोबरमध्ये आणि पॅनसाठी फोन मेमध्ये, असं झालं की निम्मे लोक फोन उचलत नाहीत. म्हणून पॅन टेबलावरच घ्यायचा. पाठ नसेल तर फोनमध्ये डिजिलॉकर बहुतेकांकडे असतं.

फलकावर ‘करसवलत’ एवढंच लिहू नका. दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नाही. कपडे, धान्य, औषधं अशा वस्तुरूप देणगीलाही नाही. ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे त्यांना ती मिळत नाही, आणि आता पगारदारांत असे पुष्कळ आहेत. जुन्या प्रणालीतही बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या निम्मी रक्कम उत्पन्नातून वजा होते, तीही मर्यादेत. पाच हजार दिले तर अडीच हजार उत्पन्नातून कमी होतात. ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या माणसाचा कर उपकरासह ७८० रुपयांनी वाचतो, पाच हजारांनी नाही. हे आधीच सांगितलं तर पुढच्या वर्षी तोच माणूस विश्वासाने परत येतो.

परदेशातल्या नातेवाइकांना क्यूआर पाठवण्याआधी संस्थेला एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्यासाठी लागणारी सरकारी नोंदणी) आहे का ते विचारा. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय मानली जात नाही. पण पासपोर्ट अमेरिकेचा आणि हातात ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) असेल, तर ती परकीय देणगी ठरते. ती नोंदणी नसलेल्या संस्थेने घेतली तर गुन्हा होतो, मग रक्कम कितीही छोटी असो. नोंदणी असली तरी असे पैसे आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावे लागतात, नेहमीच्या क्यूआरवर नाही.

क्राउडफंडिंगचं पान

इंटरनेटवर पान उघडून अनोळखी लोकांकडून पैसे मागण्याचं हे साधन. या कामासाठी याची शिफारस नाही. ही पानं एक चेहरा, एक आजार, एक मोठं बिल यावर चालतात. हृदयाची शस्त्रक्रिया, अमुक लाख, अमुक तारखेपर्यंत. मानसिक आजाराचा खर्च असा नसतो. स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलरमध्ये गोळ्या महिन्यामागून महिने, अनेकांना वर्षानुवर्षं लागतात. दिवसभराच्या पुनर्वसन केंद्राचं भाडं, समुपदेशकाचा पगार, चहा-नाश्ता, कळव्याहून किंवा पनवेलहून येणाऱ्या शुभार्थीचं आणि सोबतच्या शुभंकराचं प्रवासभाडं, हे सगळं दर महिन्याच्या एक तारखेला पुन्हा उभं राहतं. (आजार असलेल्या माणसाला शुभार्थी आणि त्याची काळजी घेणाऱ्याला शुभंकर हे ठाण्या-पुण्यातल्या संस्थांमध्ये रुळलेले शब्द आहेत. फलकावर ‘मनोरुग्ण’ऐवजी तेच वापरा.)

दुसरी अडचण फोटोची. पानाला चेहरा हवा असतो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधलं कलम २४ सांगतं की मानसिक आरोग्य आस्थापनेत उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. आईवडिलांनी ‘हो’ म्हटलं म्हणजे त्या व्यक्तीची संमती झाली असं होत नाही. आणि संमती मिळाली तरी विचार करा: तीव्र टप्प्यात दिलेली संमती बरं वाटल्यावर नकोशी होऊ शकते, तोवर फोटो ठाण्यातल्या पन्नास व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरलेला असतो आणि त्याच गावात त्या मुलीला नोकरीसाठी मुलाखत द्यायची असते. हातांचे फोटो घ्या, त्यांनी रंगवलेल्या पणत्यांचे घ्या, रिकाम्या खुर्च्या मांडलेल्या वर्गाचा घ्या.

पान करायचंच असेल तर शुल्काचा रकाना नीट पाहा. काही मंच शुल्क शून्य सांगतात आणि देणगीदाराच्या रकमेवर ‘टिप’ आधीच भरून ठेवतात. ती शून्य करता येते, पण कुठे ते शोधावं लागतं.

यूपीआय ऑटोपे

देणगीदाराच्या खात्यातून दर महिन्याला ठरलेली रक्कम आपोआप संस्थेकडे जाते. एकच साधन निवडायचं असेल तर हे. स्टॉलवर साठ घरांनी एकदाच ५०० दिले तर ३०,००० होतात. त्याच साठ घरांनी महिना २०० चा ऑटोपे लावला तर महिन्याला १२,००० आणि वर्षाला १,४४,०००. दोनशे रुपये सहज जमतात आणि संस्थेला पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येणार हे आधीच ठाऊक असतं.

संस्थेला यासाठी बँकेकडून किंवा पेमेंट कंपनीकडून मँडेटची (ठरलेल्या तारखेला पैसे कापण्याच्या आगाऊ मंजुरीची) सोय घ्यावी लागते, साध्या क्यूआरवर ते होत नाही, आणि त्याचं शुल्क आधी विचारून घ्यावं लागतं. देणगीदार एकदा पिन टाकून मंजुरी देतो. पुढे १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही, पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना येते आणि ॲपमधूनच कधीही बंद करता येतं. ‘बंद करता येतं’ हे टेबलावर फोन हातात घेऊन दाखवा. ते दिसलं की लोक चालू करायला तयार होतात.

हे फसतं ते तारखेमुळे. पहिल्या तारखेला गृहकर्ज, एसआयपी, मेंटेनन्स सगळे एकदम धडकतात आणि मागून आलेला हप्ता शिल्लक नाही म्हणून परततो. ७ किंवा १० तारीख ठेवा. आणि शेवटची तारीख आपोआप वीस वर्षांपुढची पडत असेल तर ती बदलून एक वर्षाची करा. वर्षाने पुन्हा विचारावं लागेल, पण माणसाला अडकल्यासारखं वाटणार नाही.

नाटकाचा चॅरिटी शो

आपल्याकडची ही जुनी, लाडकी वाट. गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा वाशीचं भावे नाट्यगृह भरलेलं पाहून आनंद होतो, पण हाती उरतं किती? समजा ४०० तिकिटं ५०० रुपयांनी गेली, २ लाख आले. प्रयोगाची ठरलेली रक्कम, नाट्यगृहाचं भाडं, छपाई आणि चहापाणी मिळून १ लाख ६० हजार झाले, तर उरले ४०,०००. शंभर तिकिटं कमी खपली की संस्थाच १०,००० देणं लागते. म्हणून प्रयोग पक्का करण्याआधी खर्चाएवढे पैसे प्रायोजक आणि स्मरणिकेच्या जाहिरातींतून लेखी ठरलेले असावेत. तिकीट माणशी ५०० पर्यंत ठेवलं तर नाटकाच्या प्रवेशावर जीएसटी नाही. त्यावर गेलात तर लागतो. तिकिटाची किंमत ही देणगी नव्हे, तिची ८०जी पावती फाडू नका. जाहिरातीचंही तसंच, तिथे बिल द्यायचं. ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांच्यासाठी तिकिटाव्यतिरिक्त वेगळी देणगी, वेगळी पावती.

देणगीपेटी ठेवायला हरकत नाही. दोन कुलपं, दोघांकडे एकेक किल्ली, मोजताना दोघं हजर, त्याच दिवशी बँकेत. पेटीतल्या निनावी पैशाला करमुक्तीची मर्यादा आहे: १ लाख किंवा एकूण देणग्यांच्या ५ टक्के, यांतलं जे जास्त ते. छोट्या संस्थेला ती पुरते.

टेबलावर आणखी एक गोष्ट लागते, तिचा निधीशी संबंध नाही. अशा स्टॉलवर येणारी काही माणसं द्यायला येत नाहीत. फलक दोनदा वाचतात, गर्दी कमी व्हायची वाट बघतात आणि मग हळू आवाजात विचारतात, ‘मुलगा दोन महिने खोलीतून बाहेर येत नाहीये, याला तुमच्याकडे दाखवता येईल का?’ म्हणून सोसायटीच्या स्वयंसेवकांसोबत संस्थेचा एक प्रशिक्षित माणूस पूर्ण वेळ हवा, आणि बाजूला एक रिकामी खुर्ची. पोस्टकार्डाएवढ्या कागदावर संस्थेची वेळ, पत्ता आणि सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक छापा. तिथे चोवीस तास मोफत आणि मराठीतही बोलता येतं. हे कागद क्यूआरशेजारी ठेवू नका. टेबलाच्या कडेला ठेवा, म्हणजे कुणाला काही न विचारता, चालता चालता एक उचलता येईल.