110 सेंमीचा फाइव्ह-इन-वन रिफ्लेक्टर: पैसे द्या ते आतल्या कापडाचे

काळ्या गोल पिशवीत घडी घालून मिळणारा, फोटो काढताना उजेड वळवायचा किंवा मऊ करायचा हा गोल रिफ्लेक्टर बाजारात डझनभर नावांनी विकला जातो, पण घाट सगळ्यांचा एकच. स्प्रिंग स्टीलच्या कडीवर ताणलेलं अर्धपारदर्शक पांढरं कापड आणि त्यावर चढवायची चेनवाली खोळ. खोळ उलटसुलट केली की चंदेरी, सोनेरी, पांढरी आणि काळी अशा चार बाजू मिळतात. किंमत साधारण हजार ते दोन हजार. पिशवीवरच्या चित्रात चकाकते ती सोनेरी बाजू; बरेच लोक खोळ कधी काढतच नाहीत, आणि तिथेच पैसे वाया जातात.

कारण खरी कमाई आतल्या कापडाची. आकाशात सूर्य जेमतेम अर्ध्या अंशाचा असतो, म्हणून दुपारी नाकाची सावली ओठांवर सुरीने कापल्यासारखी पडते. मध्ये कापड धरलं की ऊन त्यात विखुरतं आणि चेहऱ्यापुरता प्रकाश सूर्याकडून न येता मीटरभर रुंदीच्या कापडाकडून येतो. ते जितकं जवळ, तितकी सावली मऊ. फ्रेमच्या जरा बाहेर, 50-60 सेंमीवर धरा; दोन मीटर लांब नेलं तर सावलीची कडा पुन्हा कडक व्हायला लागते. नेहमीची फसगत वेगळीच: चेहरा कापडाखाली आणि मागची भिंत उन्हात. कॅमेऱ्याचं एक्स्पोजर (किती उजेड आत घ्यायचा ते) चेहऱ्याप्रमाणे धरलं की भिंत पांढरीफटक. त्यामुळे मागे झाडी किंवा सावलीतली भिंत हवी.

विकत घेताना कापड तपासायला पाच मिनिटं पुरतात. कॅमेरा मॅन्युअलवर, व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल) डेलाइटवर कायम. एका कोऱ्या कागदाचा फोटो उन्हात, दुसरा कापडाखाली. उन्हात 1/500 सेकंदाच्या शटरला जे एक्स्पोजर बरोबर येतं, ते कापडाखाली 1/200 च्या आसपास यावं, म्हणजे सव्वा-दीड स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). 1/100 च्याही खाली जावं लागलं तर कापड जाड आहे. 1/400 लाच भागलं तर ते विरळ आहे. आरपार बघा, सूर्याचा ठिपका स्पष्ट दिसेल आणि सावलीही तशीच कडक राहील. रंग बघताना कापड कागदाच्या अगदी जवळ हवं, नाहीतर बाजूने येणारी आकाशाची निळाई कापडाच्या माथी मारली जाते. जवळ धरूनही कागद पिवळट किंवा हिरवट दिसला, तर तो रिफ्लेक्टर ठेवून द्या.

चंदेरी बाजू म्हणजे चुरगळलेला आरसा. प्रकाश ज्या कोनात आला त्याच कोनात पलीकडे जातो, फारसा पसरत नाही. म्हणून तीन-चार मीटरवरूनही जोर टिकतो. नेम धरायचा तर आधी उजेडाचा पट्टा जमिनीवर पाडा, मग हळूहळू वर चढवा. थेट चेहऱ्यावर मारलात तर समोरचा माणूस डोळे मिटणारच. खालून मारलेला चंदेरी उजेड हनुवटी आणि नाकपुड्या उजळतो, त्यामुळे रिफ्लेक्टर छातीच्या वर, बाजूला हवा. पांढरी बाजू चहूकडे विखुरते, म्हणून मीटरभराच्या पुढे तिचा उपयोग जवळपास संपतो. लग्नाच्या गर्दीत चंदेरी, शांतपणे बसवलेल्या पोर्ट्रेटला पांढरी. स्वस्त मालात या पांढऱ्या बाजूवर निळसर झाक सापडते: कापडातलं ऑप्टिकल ब्राइटनर अतिनील किरण शोषून निळा उजेड बाहेर टाकतं.

सोनेरी बाजू नसती तरी बिघडलं नसतं. संध्याकाळच्या उन्हात तिची गरज नाही आणि दुपारी ती गाल हळदीचे करते. व्हाइट बॅलन्सने दुरुस्तही होत नाही, कारण चेहऱ्याची एकच बाजू पिवळी असते. वस्तूंच्या फोटोत तर ती घातकच. पितळेची किंवा तांब्याची चकाकी मुळातच धातूचा रंग घेऊन येते, त्यामुळे सोनेरी उजेडात तांब्या फार तर जास्त तापलेला दिसतो. काच, रोगण, ओलं पान यांवरची चकाकी मात्र उजेडाचा रंग जसाच्या तसा परत पाठवते, म्हणून तिथे पिवळे डाग पडतात. चांदीचे पैंजण तर गिलीट दिल्यासारखे दिसतात. ऑनलाइन विकणाऱ्याकडे माल परत यायला तेवढं पुरे.

पैठणीवर या बाजूंतला फरक सगळ्यात चांगला कळतो. धूपछाव पोतात ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रंग एक आणि बाण्याचा, म्हणजे आडव्या धाग्यांचा, दुसरा. कोन बदलला की रंग बदलतो. पूर्ण विखुरलेल्या उजेडात ही गंमत मारली जाते. चंदेरी बाजूने एकाच दिशेने, तिरका उजेड दिला की पदराच्या घड्यांवर दोन्ही रंग उठतात, पण जरीचं काम पांढरं पडतं. मधला मार्ग असा: पदरावर रिफ्लेक्टरच्या आतल्या कापडातून मुख्य उजेड, आणि चंदेरी बाजूसाठी वेगळा छोटा रिफ्लेक्टर, दीड-दोन मीटरवरून, घड्यांना आडवा. एका रिफ्लेक्टरमध्ये दोन्ही एकदम होत नाही, हे विकणारा सांगत नाही.

काळी बाजू उजेड देत नाही, खाते. ढगाळ दिवशी मोकळ्या मैदानात चेहरा सपाट दिसतो. एका गालापासून अर्ध्या मीटरवर काळी बाजू धरली की त्या गालाला उतार येतो. स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्याला काळी कडा द्यायलाही काळंच लागतं, पण टेबलावर 110 सेंमीचं धूड मावत नाही. तिथे दोन्ही अंगांना काळ्या चार्ट पेपरच्या पट्ट्या उभ्या करा, त्या नेमक्या बसतात. खोळ काळ्या सॅटिनची असेल तर तिरप्या उन्हात ती स्वतःच चमकते. बिनचमकीचं कापड हवं.

बांधणीत पहिला बळी जातो चेनचा. खोळ चढवताना चेन कडीच्या शिवणीत अडकते, म्हणून कापड आत दाबत, थोडी थोडी ओढायची. त्यानंतर चंदेरी थराला घडीच्या रेषांवर तडे जातात. कडी उघडल्यावर जमिनीवर सपाट बसली पाहिजे. पापडासारखी वाकडी राहिली तर चंदेरी उजेडाचे पट्टे पडतात. घडी घालताना दोन्ही हात समोरासमोर धरून उलट दिशांना पिळा, तीन वेटोळी आपोआप होतात. जोर लावावा लागत असेल तर पीळ चुकतोय.

वाऱ्यात 110 सेंमीचं शीड एकट्या स्टँडवर टिकत नाही. आडवा होल्डर आणि पायाशी वाळूची पिशवी लागते, किंवा धरायला माणूस. एकट्याने काम करणाऱ्याने 80 सेंमीचा घ्यावा. पावसाळ्यात ओला रिफ्लेक्टर घडी करून ठेवला तर आतल्या कापडावर बुरशीचे ठिपके पडतात आणि ते धुऊनही जात नाहीत.