सरसकट कपात की शून्याधारित अर्थसंकल्प?

कर न वाढवता राज्याचा जमाखर्च जुळवायचा असेल, तर खर्चालाच हात घालावा लागतो. सरकारी जमीन विकून पैसा एकदाच येतो आणि तूट मात्र दरवर्षी येते, म्हणून तो मार्ग मी येथे बाजूला ठेवला आहे. मग सर्व विभागांना सारख्या टक्क्याने कात्री लावायची, की प्रत्येक योजनेची गरज शून्यापासून सिद्ध करायला लावायची, एवढाच प्रश्न उरतो. एका सरकारी कार्यालयाचे अंदाजपत्रक तयार करण्याचे काम काही वर्षे माझ्याकडे होते आणि या दोन्ही पद्धतींनी मी ते केले आहे.

सरसकट कपात एका परिपत्रकाने होते, आणि महसूल ऐन वर्षाच्या मध्यात घटला तर दुसरे काही करायला वेळही नसतो, हे मान्य केले पाहिजे. मात्र वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज यांना ही कात्री लागत नाही, त्यामुळे तिचा सगळा भार देखभाल-दुरुस्तीसारख्या लेखाशीर्षांवर पडतो. आमच्या अभिलेख कक्षाच्या गळक्या छताची दुरुस्ती अशीच दोन वर्षे लांबली आणि तिसऱ्या वर्षी छत नव्याने घालावे लागले. तेही मी एक वेळ सोसले असते. शेजारच्या कार्यालयाने मुळात मागणीच फुगवून दिली होती, त्यामुळे कपातीनंतर त्यांना हवे तेवढे मिळाले. आम्ही खरा आकडा दिला होता, म्हणून आमचे छत गळले. पुढच्या वर्षी वरिष्ठांनी आकडा थोडा वाढवून देण्यास सुचवले आणि मी तो वाढवला. सरसकट कपातीवरचा माझा विश्वास उडाला तो तेव्हाच.

शून्याधारित पद्धत मूळची खासगी उद्योगातली. अमेरिकेतील जॉर्जिया राज्याचे गव्हर्नर असताना जिमी कार्टर यांनी ती राज्याच्या अर्थसंकल्पात आणली, १९७७ मध्ये अध्यक्ष झाल्यावर संघराज्याच्या पातळीवरही नेली, आणि रेगन प्रशासनाने १९८१ मध्ये ती सोडून दिली. महाराष्ट्रानेही १९८०च्या दशकात हा प्रयोग केला होता. तिच्यातील कागदपत्रांचा पसारा खराच असह्य असतो, आणि पुष्कळदा जुनेच समर्थन नव्या तारखेने जोडले जाते. मीही एकदोनदा ते केले आहे. तरीही तिच्यामुळेच आमच्याकडे टंकलेखन यंत्रांच्या देखभालीची तरतूद सापडली, जी यंत्रे भंगारात गेल्यानंतरही ‘मागील पानावरून पुढे’ चालू होती. रक्कम किरकोळ होती, परंतु दहा टक्के कपातीने ती कधीच सापडली नसती, फक्त दहा टक्क्यांनी लहान झाली असती.

सगळ्या विभागांची अशी छाननी दरवर्षी करणे बहुधा कोणालाच झेपणार नाही. दरवर्षी एक तृतीयांश विभाग घेऊन तीन वर्षांत फेरी पूर्ण करणे मला शक्य वाटते, आणि सरसकट कपात वर्षाच्या मध्यात उद्भवणाऱ्या आपत्तीपुरती ठेवावी. दोन्ही पद्धतींत मार्चअखेरीस थकवलेली देयके मात्र बचतीत धरू नयेत, कारण ती एप्रिलमध्ये त्याच टेबलावर परत येतात.