सहा कोर्टांचा बॅडमिंटन हॉल: पीईबी की पाइप ट्रस, आणि वर छप्पर कुठलं?

बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ बाय ६.१ मीटर. तीन-तीनच्या दोन रांगा आणि सगळीकडे दोन मीटर मोकळी जागा धरली, की चालायच्या वाटेसह ३० बाय ३६ मीटरचा हॉल लागतो. मध्ये एकही खांब चालत नाही.

पीईबी म्हणजे प्री-इंजिनिअर्ड बिल्डिंग, कारखान्यात तयार होणारा स्टीलचा सांगाडा. त्यात प्लेटा कापून, वेल्ड करून, भोकं पाडून सगळं कारखान्यातून येतं. साइटवर फक्त बोल्ट आवळायचे. पाया तयार असेल तर सांगाडा पटकन उभा राहतो. अडतं ते पायाच्या बोल्टांपाशी. ते सेंटिमीटरभर सरकले तरी बेसप्लेट (खांबाच्या तळाची भोकांची प्लेट) बसत नाही, मग कोणीतरी गॅस कटरने भोकं मोठी करायला घेतो. ते अजिबात होऊ देऊ नका. काँक्रीट ओतण्याआधी बोल्ट जागेवर धरणारं टेम्प्लेट लावा आणि दोन्ही कर्ण मोजा.

पाइप ट्रस, म्हणजे पाइप त्रिकोणांत वेल्ड करून केलेली छपराची कैची, गावातला चांगला फॅब्रिकेटरही करतो, आणि लांब ट्रेलर घाटात वळत नसेल तिथे सुटे तुकडे नेता येतात. पण सगळी भिस्त सांध्यांवर. पाइपाचं टोक दुसऱ्या पाइपाच्या गोलाईवर नीट बसेल असं कापलेलं हवं. फट ठेवून ती वेल्डिंगने भरलेली दिसली तर काम थांबवा. शिवाय ट्रसची खोली उंची खाते. कोर्टावर ९ मीटर मोकळी उंची हवी, मोठ्या स्पर्धांसाठी १२, आणि ती ट्रसच्या खालच्या पाइपापासून मोजायची. कोटेशनमधली ‘ईव्ह हाइट’ (छपराच्या कडेची उंची) म्हणजे ही उंची नव्हे.

ट्रेलर पोहोचत असेल तर मी पीईबीच घेईन. मात्र पुण्याचं डिझाइन मुंबईत वापरू नका: वाऱ्याचा मूळ वेग पुण्याला सेकंदाला ३९ मीटर धरतात, मुंबईला ४४, म्हणजे दाब जवळपास सव्वापट.

लोक सांगाड्यावर वाद घालतात आणि छपरावर काटकसर करतात, याचं मला फार वाईट वाटतं. शटल वाऱ्याने भरकटतं म्हणून बॅडमिंटनच्या हॉलची दारं-खिडक्या खेळताना बंद ठेवावी लागतात. वर एकेरी पत्रा असेल तर मे महिन्यात आत मुलांना उभं राहवत नाही, जुलैत कोचचा आवाज पोहोचत नाही, आणि दमट हवेत पत्र्याला आतून सुटलेलं पाणी थेट लाकडी फ्लोअरिंगवर ठिबकतं. छपराला ५० मिलिमीटरचं इन्सुलेटेड पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये उष्णता अडवणारा थर असलेलं, घ्याच. आतला थर साध्या पफचा (पॉलियुरेथेन फोमचा) असेल तर तो आग लवकर धरतो, म्हणून गर्दीच्या हॉलला पीआयआर (आगीला जास्त टिकणारा फोम) किंवा रॉकवूल (दगडापासून केलेली लोकर) बरं; रॉकवूल जड असतं, ते वजन डिझाइनमध्ये धरायला सांगा. बजेट अगदीच तोकडं असेल तर पत्र्याखाली ग्लासवूलचा थर.

पैसे भिंतींत वाचवा. तीन मीटर विटांचं बांधकाम, वर एकेरी पत्रा, आतून गडद हिरवा मॅट रंग. कोर्टावर पारदर्शक पत्रे नकोत, शटल दिसत नाही.

नुसत्या चौरस फुटाच्या दरावर सही करू नका. स्टीलचं वजन, धरलेला वाऱ्याचा वेग आणि रंग-कोटिंग वगळून पत्र्याची जाडी कागदावर लिहून घ्या, आणि ड्रॉइंग बाहेरच्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून तपासून घ्या.