जुने फ्लॅश धडे: रफलवर चालवायचे की नव्याने बांधायचे?

प्लगिनच्या, म्हणजे ब्राउझरला वेगळ्या जोडाव्या लागणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, भरवशावर नवी साइट करायला आता कुणी निघत नाही. क्रोमने २०१५ मध्येच सिल्व्हरलाइट आणि जावा प्लगिनला दार बंद केलं. हलती चित्रं आणि खेळते धडे चालवणाऱ्या ॲडोबीच्या फ्लॅश प्लगिनचा आधार ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून ॲडोबीने फाइल चालणंच अडवलं. आमच्या शालेय गणिताच्या साइटवर फ्लॅशमध्ये केलेल्या धड्यांच्या जागी रिकामे चौकोन उरले. तुमच्याकडेही अशा एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या, फायली पडून असतील, तर दोन वाटा आहेत.

पहिली रफलची, म्हणजे फ्लॅशच्या फायली प्लगिनशिवाय ब्राउझरमध्ये चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची. पानावर एक स्क्रिप्ट जोडायची, बघणाऱ्याला काही बसवावं लागत नाही. ॲक्शनस्क्रिप्ट या फ्लॅशच्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या २ ऱ्या आवृत्तीतले आमचे बहुतेक धडे पहिल्याच झटक्यात चालले, ३ ऱ्या आवृत्तीतले काही अडखळले. एका दुपारी तीसेक धडे पुन्हा हलू लागलेले बघून डोळे भरून आले होते.

दुसरी वाट, सगळं एचटीएमएलमध्ये, म्हणजे वेबपानाच्या मूळ भाषेत, नव्याने करण्याची. एकेका धड्याला आठवडा जातो. नुसता व्हिडिओ करून ठेवावा, तर ३०० केबीचा धडा ९ एमबीचा होतो आणि भाकरीचे तुकडे ओढून अपूर्णांक जुळवणं, म्हणजे धड्याचा जीवच, निघून जातो.

तरी मी या दुसऱ्या वाटेकडे वळलो, ते अक्षरांपायी. हे धडे युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा संकेत देणारी पद्धत, रुळण्याआधीच्या फाँटमध्ये केलेले; त्यांत आत रोमन अक्षरं असतात आणि फाँट त्यांना मराठीचं रूप देतो. ज्या फायलींत फाँट आत घातलेला होता, त्या पडद्यावर ठीक दिसल्या. जिथे तो घालायचा राहिला होता, तिथे ‘लसावि काढा’च्या जागी रोमन अक्षरं आणि चिन्हांचा नुसता काला. बरं, जे ठीक दिसत होतं तेही आतून तसंच. कुणी ‘लसावि’ शोधलं तर आमचा धडा सापडणार नाही, आणि अंध मुलाचा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारं सॉफ्टवेअर, त्यातलं मराठी वाचणार नाही. मुलांसाठी लिहिलेलं मराठी असं कोंडून ठेवणं मला सोसवेना.

तुमच्याकडे मनुष्यबळ नसेल तर रफलने सुरुवात करा, त्यात वावगं काही नाही. पण मजकूर जास्त असलेले धडे आधी बाजूला काढा, असं मला वाटतं. मी लसाविच्या धड्यापासूनच सुरुवात केली. आता तो फोनवर अक्षरं मोठी करून वाचता येतो, ‘पुढे’चं बटणही अंगठ्याखाली नीट येतं. शब्द जवळजवळ नसलेली कोडी मात्र अजून रफलवरच आहेत.