मॉडेड माइनक्राफ्टला रॅम किती द्यायची: ४, ८ की १२ जीबी? आणि मेमरी साफ करायला जी-वन की झेडजीसी?

मोठा मॉडपॅक (मॉड म्हणजे गेममध्ये टाकायच्या जोडण्या, त्यांचा संच) पडला, म्हणजे गेम अचानक बंद झाला, की पहिला सल्ला ठरलेला: रॅम वाढव. तो कधी लागू पडतो, कधी नेमका उलटा बसतो. म्हणून आकड्याला हात लावण्याआधी गेम कशाने पडला ते बघा. क्रॅश रिपोर्टमध्ये ‘आउट ऑफ मेमरी एरर’च्या पुढे ‘जावा हीप स्पेस’ लिहिलं असेल, तर गेमला दिलेली जागा खरंच कमी पडली, वाढवा. पण गेमच्या फोल्डरमध्ये ‘एचएस-ईआरआर-पीआयडी’ने सुरू होणारी फाइल असेल आणि तिच्यात वरच ‘इनसफिशियंट मेमरी’ असेल, तर मेमरी संपली ती विंडोजकडची. इथे गेमला आणखी २ जीबी दिले तर तो अजून लवकर पडेल. लिनक्सवर असं झालं की बहुधा एक्झिट कोड १३७ दिसतो, म्हणजे बाकीची सिस्टिम वाचवायला कर्नलने गेमच मारून टाकलेला असतो.

घोळ होतो तो एका गोष्टीमुळे. लाँचरमधला आकडा म्हणजे गेमची एकूण रॅम नव्हे, तो फक्त जावाच्या हीपचा, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो जावा गेमचा चालू डेटा जिथे ठेवतो त्या जागेचा. मॉडच्या क्लासेसची (कोडच्या भागांची) जागा, थ्रेड, कोड कॅश, ग्राफिक्स ड्रायव्हरचे बफर हे सगळं त्याच्या बाहेर. मोठ्या पॅकमध्ये हा बाहेरचा खर्च सहज दीड-दोन जीबीवर जातो. ६ जीबी दिले असताना टास्क मॅनेजरमध्ये साडेसात-आठ दिसतात ते त्यामुळेच.

४ जीबी: ८ जीबीच्या लॅपटॉपसाठी

इथे निवडीला फारशी जागा नाही. विंडोज ११ आणि दोन-चार टॅब उघडे असलेला ब्राउझर मिळून ३ जीबी तरी घेतात. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर तेही याच ८ मधून आपला वाटा काढतं. उरलेल्यात ४ची हीप आणि तिचा बाहेरचा खर्च बसवायचा म्हणजे ब्राउझर बंद करूनच खेळावं लागतं. ५ किंवा ६ देण्याचा मोह होतो, पण तिथेच फसायला होतं. हीपचा काही भाग पेज फाइलमध्ये, म्हणजे डिस्कवर गेला, की गार्बेज कलेक्टर (वापरून झालेली मेमरी मोकळी करणारा जावाचा भाग; जी-वन आणि झेडजीसी हे त्याचेच प्रकार) साफसफाईसाठी हीप चाळताना तो भाग डिस्कवरून परत ओढत बसतो. गेम दोन-तीन सेकंद गोठतो, तो यात.

४ जीबीवर आरएलक्राफ्टसारखे माइनक्राफ्ट १.१२.२ आवृत्तीचे पॅक चालवता येतात. ऑल द मॉड्स १०सारखा १.२१.१चा पॅक सुखाने चालणार नाही, त्याचा नाद सोडा. मधल्या आकाराच्या पॅकसाठी आकडा वाढवण्यापेक्षा खर्च कमी केलेला बरा. १.१६ आणि पुढच्या आवृत्त्यांवर फेराइटकोअर आणि मॉडर्नफिक्स, १.१२.२वर व्हिंटेजफिक्स हे मेमरी वाचवणारे मॉड टाका. रेंडर डिस्टन्स (किती लांबवरचं जग दिसावं ते) १२ वरून ८ वर आणा: तुमच्याभोवतीचे चंक, म्हणजे जगाचे चौकोनी तुकडे, ६२५ वरून २८९ वर येतात, निम्म्याहून कमी. एवढी बचत दुसऱ्या कुठल्याही एका सेटिंगने होत नाही.

८ जीबी: १६ जीबीच्या मशीनसाठी

बहुतेकांनी इथेच थांबावं. ऑल द मॉड्स ९सारख्या पॅकलाही ८ पुरतात आणि विंडोज, डिस्कॉर्ड, ब्राउझर यांना श्वास घ्यायला जागा राहते. ‘१६ आहेत ना, मग १२ देऊ’ असं करू नका. १२ अधिक बाहेरचे २ झाले १४. उरलेल्या २ मध्ये विंडोज मावत नाही.

१२ जीबी: ३२ जीबी असतील तरच

एक गैरसमज इथे निस्तरू. ‘जास्त रॅम दिली की गेम अडखळतो’ हे जुन्या जावा ८च्या पॅरलल कलेक्टरबाबत बरंचसं खरं होतं. तो हीप भरली की गेम थांबवून सगळी एकदम झाडायचा. जी-वन हीपचे तुकडे पाडून थोडं थोडं झाडतो, त्यामुळे तिथे १२ जीबीने आपोआप तोटा होत नाही. मात्र गरज नसताना फायदाही होत नाही. शेडर, मोठे टेक्स्चर पॅक आणि २०च्या वरचं रेंडर डिस्टन्स एकत्र असेल तरच १२चा विचार करा.

तुमचा नेमका आकडा

गेममध्ये एफ-३ दाबा. वर उजवीकडे ‘मेम’पुढे टक्के आणि वापरलेले एमबी दिसतात. आकडा ५५ वरून ९० टक्क्यांपर्यंत चढतो, धपकन खाली येतो, पुन्हा चढतो. या करवतीला घाबरायचं कारण नाही. बघायचा तो तळ. अर्धा तास खेळा, नेदरमध्ये एक चक्कर मारा, आणि आकडा कोसळल्यावर सगळ्यात खाली कुठवर येतो ते टिपा. जी-वनला तळाच्या दीडपट ते पावणेदोनपट हीप पुरते: तळ ३.५ जीबी, तर ६ द्या. झेडजीसीला दुपटीहून थोडी जास्त लागते, म्हणजे त्याच पॅकला ८.

जी-वन की झेडजीसी

घरात फरशी पुसताना ‘पाय वर घे’ म्हणतात ना, तसा जी-वन. क्षणभर सगळ्यांनी थांबायचं, मग पुढे. माइनक्राफ्टचा एक टिक, म्हणजे गेमचं जग पुढे सरकण्याचा एक ठोका, ५० मिलिसेकंदांचा असतो. अधिकृत लाँचर जी-वनला थांबण्याची मर्यादा ५० मिलिसेकंदच देतो, आणि तुकड्याचं माप ३२ एमबी ठेवतो. हे माप उगाच नाही. जावावर सोडलं तर ४ जीबीच्या हीपला साधारण २ एमबीचे तुकडे पडतात, आणि अर्ध्या तुकड्याहून मोठी वस्तू ‘ह्युमंगस’ ठरून तिला सलग जागा शोधावी लागते. मॉड मोठमोठे अ‍ॅरे (डेटाच्या सलग याद्या) सतत बनवतात, त्यामुळे छोटे तुकडे अंगाशी येतात.

झेडजीसी तुम्ही चालत असतानाच पुसतो. त्याचे थांबे एक मिलिसेकंदाच्या आत असतात. किंमत दोन ठिकाणी मोजावी लागते. तो जोडीने प्रोसेसर खातो, म्हणून चार कोअरच्या जुन्या मशीनवर एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) घसरतो. शिवाय जी-वन ३२ जीबीच्या आतल्या हीपमध्ये वस्तूंचे मेमरीतले पत्ते आखडून ठेवतो, ते झेडजीसीला जमत नाही, त्यामुळे तोच पॅक जास्त जागा घेतो. जागा अपुरी पडली तर तो साफसफाईत मागे पडतो आणि गेमला थांबवून ठेवतो; मग जी-वनच बरा वाटतो.

जावाची आवृत्तीही पाहा. झेडजीसी वापरायचा तर जावा २१मधला जनरेशनलच, म्हणजे नव्या आणि जुन्या वस्तूंच्या पिढ्या वेगळ्या करून झाडणारा. म्हणजे माइनक्राफ्ट १.२०.५ आणि पुढे सरळ काम. १.१८ ते १.२०.४ जावा १७ मागतात. त्यातला झेडजीसी पिढ्या वेगळ्या करत नाही आणि मॉडच्या कचऱ्याच्या वेगापुढे दमतो, तिथे जी-वन ठेवा. १.१२.२ म्हणजे जावा ८: तिथे झेडजीसी नाहीच. स्वतंत्र लाँचरमध्ये जावा ८ला काही सांगितलं नाही तर तो पॅरलल घेतो, तेव्हा जी-वनचा फ्लॅग (जावाला सुरू होताना द्यायची सूचना) स्वतः लिहा.

बदलताना कुठे चुकतं

अधिकृत लाँचरमध्ये इन्स्टॉलेशन्स, तीन ठिपके, एडिट, मोअर ऑप्शन्स, जेव्हीएम आर्ग्युमेंट्स. एक्सएमएक्स या कमाल हीपच्या फ्लॅगला जोडूनच आकडा आणि जी हे अक्षर, मध्ये स्पेस नाही. ‘जीबी’ लिहिलं तर जावा सुरूच होत नाही. अक्षर विसरून नुसता ६ लिहिला तर तो ६ बाइट समजतो आणि तरीही सुरू होत नाही. प्रिझम या दुसऱ्या लाँचरमध्ये रकाना एमबीचा आहे, ६ जीबीसाठी ६१४४. झेडजीसी लावताना जी-वनचा फ्लॅग काढा, दोन कलेक्टर एकत्र दिसले की जावा नकार देतो. जनरेशनलचा फ्लॅग जावा १७ला ओळखीचा नाही, तिथेही जावा नकारच देतो. ४ देऊन ‘इनव्हॅलिड मॅक्झिमम हीप साइझ’ आलं तर बहुधा ३२-बिट जावा बसलेला आहे, ६४-बिट टाका.

किमान हीप कमाल हीपएवढीच ठेवायची पद्धत सर्व्हरची. ८ जीबीच्या लॅपटॉपवर ती उचलू नका; किमान १ किंवा २ जीबी ठेवा.

आणि तळच दर तासाला चढत असेल, ३.५ वरून ४.२, मग ५, तर ४, ८, १२ या चर्चेला अर्थ उरत नाही. कुठलातरी मॉड धरलेली मेमरी सोडत नाहीये. स्पार्क मॉड टाकून त्याची हीपसमरी (हीपमध्ये कुठल्या क्लासच्या किती वस्तू आहेत ती यादी) दोनदा काढा, तासाभराच्या अंतराने. ज्या क्लासची संख्या फुगलेली दिसेल त्याच्या नावात बहुतेक वेळा मॉडचंही नाव असतं.