वेजचे शाफ्ट बदलून घेताना माझी झालेली फसवणूक

गोल्फ नव्याने शिकणाऱ्या आणि वेजचे (हिरवळीजवळचे छोटे फटके मारायच्या क्लबचे, म्हणजे गोल्फच्या काठीचे) शाफ्ट, म्हणजे दांड्या, बदलायच्या विचारात असलेल्या प्रत्येकाने हे वाचावं, म्हणून सगळं तपशिलाने लिहिते आहे. माझे साडेचौदा हजार रुपये गेले. पण पैशांपेक्षा मोठा धोका वेगळाच होता, तो पुढे येईलच.

मी अलिबागजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. बहीण पनवेलला असते. भावोजींमुळे गोल्फची गोडी लागली. सुट्टीच्या दिवशी पेणमार्गे पनवेल गाठायचं आणि भावोजींसोबत खारघरच्या सिडकोच्या मैदानावर जायचं, असा क्रम पडला. क्लबही भावोजींचेच जुने. आयर्नना, म्हणजे वेजपेक्षा लांबच्या फटक्यांच्या लोखंडी डोक्याच्या क्लबना, ग्रॅफाइटचे हलके शाफ्ट, आणि दोन वेज, एक ५२ अंशांचा, एक ५६ अंशांचा (अंश म्हणजे डोक्याचा तिरकेपणा). वेजना हलक्या स्टीलचे जपानी शाफ्ट होते, न कापता, म्हणजे क्लबच्या लांबीला कापण्याआधी, साधारण ९५ ग्रॅम वजनाचे. बंकरमधून, म्हणजे वाळूच्या खड्ड्यातून, चेंडू निघत नव्हता, हिरवळीजवळून मारलेला चेंडू कधी दोन हात पुढे तर कधी पार पलीकडे जायचा. नवशिक्यांचं हे असंच होतं आणि त्यावर उपाय म्हणजे सराव. पण मांडव्याच्या बाजूला एक गृहस्थ 'फिटिंग' करून देतात असं कळलं, आणि खारघरपर्यंत जावं लागणार नाही म्हणून मी तिथे गेले.

तिथली मांडणी विश्वास बसावा अशीच होती. जाळी, हिरवी चटई, भिंतीला लावलेले क्लब, मोबाइलला जोडलेलं एक वेग मोजायचं यंत्र. शनिवार-रविवारी मुंबईहून बंगल्यांवर येणारे लोक आपल्याकडेच काम देतात, असं त्यांनी सांगितलं. मला दहाबारा फटके मारायला लावले, पडद्यावर आकडे दाखवले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचा स्विंग स्टिफ शाफ्टचा आहे. हे जुने शाफ्ट तुमचा खेळ मारतायत. टायगर वूड्सच्या वेजमध्ये एस ४०० असतो. तोच टाकून देतो."

आता हे नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक इथे रुजली. त्यांचं एक वाक्य खरं होतं. ट्रू टेम्पर कंपनीचा डायनॅमिक गोल्ड एस ४०० हा शाफ्ट वूड्सने वेजमध्ये वर्षानुवर्षं वापरला आहे. टायटलिस्टच्या वोकी वेजमध्ये कंपनीकडूनच डायनॅमिक गोल्ड एस २०० येतो. हे दोन्ही शाफ्ट न कापता साधारण १३० ग्रॅमचे असतात. म्हणजे बाजारातल्या चांगल्या वेजमध्ये जड शाफ्ट असतो, ही गोष्ट कुणीही पडताळून बघू शकतं. ती पडताळली की माणूस पुढचं सगळं खरं धरतो.

पण वूड्सच्या आयर्नमध्येही तितकेच जड शाफ्ट असतात, हे त्यांनी सांगितलं नाही. वेजचा शाफ्ट आपल्या आयर्नच्या शाफ्टच्या जवळपास वजनाचा किंवा थोडा जड असावा, हा साधा नियम. थोडा जड अशासाठी, की वेज बहुधा अर्ध्या-पाऊण स्विंगनेच मारला जातो, तिथे अंतरापेक्षा ताबा हवा. माझ्या आयर्नचे शाफ्ट साधारण ६५ ग्रॅमचे. त्यापुढे वेजमध्ये १३० ग्रॅम म्हणजे हातात एकदम दुसरंच हत्यार येतं. लय बदलते, क्लब खाली येताना मनगट सैल पडतं आणि चेंडूच्या मागे जमीन उकरली जाते. मी नेमकं तेच करत होते. ९५ ग्रॅमचे जुने शाफ्टसुद्धा माझ्यासाठी थोडे जडच होते. त्यांनी मला आणखी उलट्या दिशेला नेलं.

'स्टिफ', म्हणजे कडक, या शब्दाबद्दलही एक सांगते. शाफ्टवर लिहिलेली आर, एस, एक्स (रेग्युलर, स्टिफ, एक्स्ट्रा स्टिफ) ही अक्षरं किती लवचीकतेला लावायची याचं सगळ्या कंपन्यांना बांधील असं कुठलंही प्रमाण नाही. एका कंपनीचा आर दुसरीच्या एसइतका कडक निघू शकतो. काही वेजवर नुसतंच 'वेज फ्लेक्स' लिहिलेलं असतं, त्याचंही तेच. त्यातून अर्ध्या स्विंगला शाफ्ट वाकतोच मुळी कमी. नवशिक्याने वेजच्या बाबतीत अक्षरांपेक्षा वजनाकडे आणि लांबीकडे बघावं. सेटमधल्या बाकीच्या क्लबांशी लांबी उतरत्या क्रमाने जुळली पाहिजे. वेज साधारण ३५ इंचांचे असतात.

व्यवहार असा झाला. दोन नव्या शाफ्टचे तेरा हजार, मजुरी दीड हजार. पैसे यूपीआयने. बिल मागितलं तर "ट्रस्टवर काम करतो आपण, बिल नंतर देतो." जुने शाफ्ट परत मागितले तेव्हा ते म्हणाले, "ते काढताना तापवावे लागतात, भंगारातच जातात." हे खोटं आहे. स्टीलचा शाफ्ट काढताना क्लबच्या डोक्याची नळी तापवतात, आतला गोंद सुटतो आणि शाफ्ट धडधाकट बाहेर येतो. नीट काढला तर ग्रॅफाइटचाही वाचवता येतो. काढलेला शाफ्ट विकतही घेतात लोक. तो आपला माल आहे.

काही दिवसांनी वेज मिळाले. नवीन ग्रिप, नवीन काळी फेरूल (शाफ्ट आणि डोकं जुळतात तिथलं प्लास्टिकचं कडं), आणि दोन्ही शाफ्टवर झळझळीत डायनॅमिक गोल्डची पट्टी. दिसायला एकदम दुकानातून आणल्यासारखे.

खारघरला भावोजींनी दोन्ही वेज आळीपाळीने हातात घेतले आणि विचारलं, "हे दोन्ही एकाच जातीचे शाफ्ट आहेत म्हणतेस तू?" त्यांना ५६ अंशांचा जड वाटत होता, ५२चा नाही. मैदानावर तेवढ्यावरच राहिलं. घरी आल्यावर मी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर दोन्ही ठेवले. ५६ अंशांचा ४६८ ग्रॅम. ५२ अंशांचा ४४० ग्रॅम.

हिशेब करून बघा. वेजचं डोकं साधारण ३०० ग्रॅमचं, ग्रिप ५० ग्रॅमची, गोंद आणि फेरूल मिळून दोन-चार ग्रॅम. उरलेलं वजन शाफ्टचं. १३० ग्रॅमचा शाफ्ट वेजच्या लांबीला कापला की दहाबारा ग्रॅम कमी होतात, म्हणजे पूर्ण क्लब ४७० च्या आसपास यायला हवा. एक आला. दुसऱ्यात शाफ्टच्या वाट्याला जेमतेम ८६-८७ ग्रॅम उरत होते. दोन डोक्यांमध्ये चार-सहा ग्रॅमचा फरक मी समजू शकते, अठ्ठावीसचा नाही.

मग पायऱ्या मोजल्या. स्टीलच्या बहुतेक शाफ्टवर ग्रिपपासून खाली ठराविक अंतराने बारीक पायऱ्या असतात, तिथे नळी थोडी थोडी निमुळती होत जाते. एकाच मॉडेलच्या दोन शाफ्टवर या पायऱ्यांची ठेवण सारखी असते. माझ्या दोन वेजवर पायऱ्यांमधलं अंतरच वेगळं होतं. पट्टी मात्र एकच.

ही पट्टी म्हणजे नुसता स्टिकरच असतो. सुट्टे स्टिकर ऑनलाइन मिळतात. शाफ्टची ओळख त्या पट्टीवर सोडून दिली की कुणीही काहीही विकू शकतो.

शेवटी मुंबईतल्या एका जुन्या कारागिराकडे दोन्ही वेज उघडून घेतले. भावोजी सोबत होते. ५२ अंशांच्या वेजवरची पट्टी काढल्यावर खाली जुन्या पट्टीचा चिकट डाग होता. ग्रिपच्या खाली चार बोटांवर ट्रॉलीचा पट्टा घासून पडलेला ओरखडा होता, तो भावोजींनी बघताक्षणी ओळखला. तो आमचाच शाफ्ट होता. काढला, पॉलिश केला, वर नवीन स्टिकर चढवला आणि साडेसहा हजाराला मलाच परत विकला. भावोजी सहसा चिडत नाहीत. त्या दिवशी ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग कारागिराला म्हणाले, "दुसरा पण उघडा, काय असेल ते दिसू दे."

दुसऱ्याची कथा जास्त गंभीर आहे. तो कुठल्यातरी जुन्या आयर्नमधून काढलेला जड शाफ्ट होता. ग्रिप कापली तर वरच्या टोकाला दोन इंचांचा जोडतुकडा ठोकलेला, कारण मूळ शाफ्ट आखूड पडत होता. आतून नळी तांबूस झालेली, आपटली की गंजाचा भुगा पडत होता. स्टीलच्या शाफ्टला बाहेरून क्रोमचा मुलामा असतो, आतून नसतो. कोकणात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत खिडकीचे गज टिकत नाहीत. ग्रिपच्या तोंडाच्या छिद्रातून दमटपणा आत गेला आणि क्लब बंद पिशवीत कोंडून राहिला की नळी आतून खात जाते, वरून चकाकत असते. अशी नळी भर स्विंगमध्ये मोडू शकते.

आणि त्याहून वाईट म्हणजे डोकं. शाफ्टची खालची टोकं मुख्यतः दोन मापांची येतात, ०.३५५ इंच आणि ०.३७० इंच, म्हणजे साधारण ९.०२ आणि ९.४० मिलिमीटर. माझ्या ५६ अंशांच्या डोक्याची नळी मोठ्या मापाची होती, त्यात बारीक मापाचा शाफ्ट घातलेला. असं करायचं असेल तर मध्ये पितळेचं पातळ कडं घालतात, शाफ्ट सरळ बसतो आणि गोंद धरतो. इथे कडं नव्हतं, नुसता गोंद भरलेला होता, तोही अर्धवट सुकलेला. कारागिराने थोडं तापवताच डोकं हातात आलं. ते म्हणाले, "बाई, हे आणखी थोडं खेळला असता तर सुटून उडालं असतं." तीनशे ग्रॅमचा लोखंडी गोळा. माझ्या शेजारी सरावाला बहिणीचा मुलगा उभा असायचा. हे आठवलं की आजही माझा संताप आवरत नाही.

मी त्या गृहस्थांना फोन केला. आधी म्हणाले, "समुद्राची हवा आहे मॅडम, गंज लागणारच." शाफ्ट नवीन होता ना, असं विचारल्यावर म्हणाले, "नवीनसारखा म्हटलं होतं." त्यांचा व्हॉट्सअॅपवरचा संदेश माझ्याकडे आहे, त्यात 'ब्रँड न्यू एस ४००, दोन नग' असं लिहिलेलं आहे. तो वाचून दाखवल्यावर फोन बंद झाला, तो कायमचा.

पुढे काय केलं तेही सांगते, कारण बिल नाही म्हणून पुष्कळ लोक इथेच थांबतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ती तडजोडीसाठी असते, पण नोंद राहते. मग अलिबागला जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज केला. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार घटनेपासून दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, आपण राहतो त्या जिल्ह्यातच करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि वकील सक्तीचा नाही. बिलाऐवजी मी यूपीआयची नोंद, व्हॉट्सअॅपचे संदेश, काट्यावरच्या दोन्ही वजनांचे फोटो आणि कारागिराने लिहून दिलेला अहवाल जोडला. उघडलेले दोन्ही शाफ्ट तसेच जपून ठेवले आहेत. प्रकरण चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही.

वेजचं म्हणाल तर कारागिरानेच साधारण ८० ग्रॅमचे ग्रॅफाइट शाफ्ट घातले, आयर्नपेक्षा थोडे जड. कापण्याआधी शाफ्ट माझ्यासमोर काट्यावर ठेवले, नळीचं आणि टोकाचं माप दाखवलं, काढलेले शाफ्ट हातात दिले, बिलावर मॉडेल आणि वजन लिहिलं. मी काही मागितलं नव्हतं. त्यांची कामाची पद्धतच ती आहे. मांडव्याला माझा वेग जो दाखवला होता, तो खारघरला मोजल्यावर कितीतरी कमी निघाला. स्टिफ शाफ्टची मला गरज कधीच नव्हती.

आता मुख्य विनंती. अलिबाग, मांडवा, किहीम, नागाव भागात कुणी अलीकडे वेजचे किंवा आयर्नचे शाफ्ट बदलून घेतले असतील तर पुढचा फटका मारण्याआधी एवढं करा. एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्या हाताने डोकं घट्ट धरून पिळून बघा. जरा जरी हललं, किंवा फेरूल आणि डोकं यांच्यात केसभर फट दिसली, तर तो क्लब पिशवीतून बाजूला काढा. शाफ्टला कानाशी धरून हलवा, आत काही खुळखुळलं तर तोही बाजूला काढा. ते गंजाचे किंवा सुटलेल्या गोंदाचे तुकडे असतात. मग वजन करा, पायऱ्या जुळवून बघा. आणि मुलं सरावाला सोबत येत असतील तर तपासणी होईपर्यंत त्यांच्या हातात ते क्लब देऊ नका.